ब्रेकच्या डब्यातले व्याही

२ ऑक्टोबर १९३१, तळेगाव दाभाडे

लोणावळ्याच्या जुन्या इंजिनशेडमध्ये रेल्वेच्या इतिहासाचं प्रदर्शन मांडलं आहे. घाटात विजेची इंजिनं आल्यापासून वाफेच्या जमान्यातलं सामान अडगळीत धूळ खात होतं. ते झाडूनपुसून लोकांना दाखवणार म्हणे. कल्पना चांगली. पण समजावून सांगणार कोण? शेडमधले मिस्त्री! ऐकूनच डोकं उठलं.

मी इतकी वर्षं शाळेत भूगोल शिकवतो. आमचं घर रुळांपासून हाकेच्या अंतरावर. रेल्वे माझ्या रक्तात आहे. प्रदर्शनाच्या साहेबांना कार्ड टाकून माहितगार म्हणून माझी सेवा देऊ केली. मोबदला नको, हेही ठळक लिहिलं.

संकल्प: सहकुटुंब जायचं. घरात रेल्वेबद्दल जे अज्ञान आहे ते एकदाचं संपवायचं.

५ ऑक्टोबर

साहेबांचं उत्तर नाही. कार्ड वरच्या साहेबांकडे गेलेलं दिसतं. अशा नेमणुकांना वेळ लागतो.

घरात वेगळाच घोळ. पुण्याच्या आगाश्यांचा मुलगा श्रीपाद लोणावळ्याला विजेच्या सबस्टेशनात नोकरीला आहे. त्याच्यासाठी आमच्या सुनेत्राला बघायचं त्यांच्या मनात आहे. पण पाटावर बसवून बघणं मुलाला पसंत नाही. कुठे तरी सहज भेट व्हावी, म्हणतो. हिने (म्हणजे इंदिरेने, माझ्या सौभाग्यवतीने) मला न विचारता कळवून टाकलं की आम्ही खंडेनवमीच्या सुट्टीला प्रदर्शन बघायला येतोच आहोत, तुम्हीही या.

म्हणजे माझ्या शैक्षणिक सहलीत लग्नाचं लचांड! शिवाय जावई विजेतला. ज्या विजेने वाफेचा गळा घोटला, तीच आता माझ्या घरात येणार. वैताग आहे.

ही म्हणते, सुनेत्राच्या मनात हे स्थळ भरलंय, आता तुम्ही घोटाळा करू नका. मी कधी घोटाळा केला? मागचे दोन पाहुणे अर्ध्यावर उठून गेले ते त्यांना गाडी गाठायची होती म्हणून. पहिल्यांना मी मोसमी वारे समजावून देत होतो, दुसऱ्यांना खडकांचे प्रकार. दोघेही अगदी भारावून गेले होते.

९ ऑक्टोबर

व्याख्यान लिहायला घेतलं. ‘घाटातील अग्निरथ’. संकल्प: आटोपशीर लिहायचं. श्रोता कंटाळता कामा नये.

९ ऑक्टोबर, रात्री

सह्याद्री कसा तयार झाला, इथपर्यंत आलो. रूळ अजून यायचे आहेत.

१३ ऑक्टोबर

जेवणानंतर घरच्यांसमोर रंगीत तालीम. ही तांदूळ निवडत ऐकत होती. निवडून झालेले तांदूळ तिने पुन्हा निवडायला घेतले, इतकी रंगली होती. सुनेत्रा शेवटपर्यंत बसली. मग जवळ येऊन म्हणाली, नाना, त्या दिवशी तुम्हाला थोडं गप्प राहता येईल का? पोरीला माझ्या घशाची किती काळजी! ज्येष्ठमध आणून ठेवला. घसा अगदी ठणठणीत राहील, तू निश्चिंत राहा, असं तिला सांगितलं. ती निश्चिंत झाली नसावी, कारण बराच वेळ खिडकीत उभी होती.

१८ ऑक्टोबर

साहेबांचं उत्तर नाही. हे खातं असंच. गुणांची कदर शून्य. आपण न बोलावता जाऊ आणि दाखवून देऊ.

२० ऑक्टोबर, पहाटे

शी! शी! संताप!

देवघरात विळी, अडकित्ता, पाटा-वरवंटा, सुनेत्राचं शिवणयंत्र सगळं मांडून हिने खंडेनवमीची पूजा उरकली आहे, आणि त्याच्या मधोमध माझं व्याख्यान! वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल, अक्षता. सोबत माझं फाउंटनपेनही. म्हणते, अहो, तुमचं हत्यार तेच ना? आता उद्या दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, देवाचा कोप होतो. लग्नाच्या कामाला निघालोय, आज नको कोप.

विसाव्या शतकात ही अंधश्रद्धा! पण हिचा भाबडेपणा बघून सोडून दिलं. (ही रोजनिशी पेन्सिलीने लिहितो आहे.) मजकूर पाठ आहेच. उलट कागद नसल्यामुळे विस्ताराने बोलता येईल. असं सांगितल्यावर ही कपाळाला हात लावून पाटावरच बसली. आनंद झाला असावा.

२० ऑक्टोबर, गाडीत

गर्दी, घाम, केळ्यांच्या साली. विजेची गाडी. धूर नाही, ठिणगी नाही, डोळ्यांत कोळशाचा कण नाही. याला काय प्रवास म्हणायचा? कामशेतला वडिवळ्याची एक बाई झेंडूच्या पाट्या घेऊन चढली आणि त्यातली एक थेट माझ्या परीटघडीच्या धोतरावर. नाव सरुबाई. तिला विजेच्या इंजिनाचे तोटे सांगायला लागलो. मळवलीपर्यंत तिने ऐकलं. मग हिला म्हणाली, मावशी, ह्यांचं असं लय दिस चाललंय का? कुनाला दावलं न्हाई व्हय? अडाणी! ही मात्र तिचा हात धरून हसली आणि जाताना तिच्याकडून फुलं घेतली.

२० ऑक्टोबर, संध्याकाळ

परत आलो. सर्वांगाला शिऱ्याचा वास येतोय. क्रमाने लिहितो.

स्टेशनबाहेर आगाशे पतिपत्नी आणि मुलगा भेटले. आगाशे पगडीवाले, मितभाषी. मुलगा उंच, बरा. सुनेत्राकडे बघत नव्हता, म्हणजे बघतच होता. शेडमध्ये शिरलो आणि माझी सपशेल निराशा झाली. मला वाटलं होतं संग्रहालय, निघालं देऊळ! इंजिनाला झेंडूची तोरणं. नाकावर कुंकवाचे पट्टे. सिग्नलचे दिवे, हातोडे, पाने, गार्डाच्या शिट्ट्या, सगळं लाल कापडावर मांडून हळद-कुंकू. उदबत्त्यांचा धूर इतका की वाफेची गरजच नाही. इतिहासाची ही विटंबना!

मारुती नावाचा मिस्त्री पुढे आला. हत्यारं पूजेला बसवल्याती, म्हणाला. आज हात लावायचा न्हाई, उद्या दसऱ्याला उठिवनार. तुमी लांबनं बगा, परसाद घ्या. मी त्याला विचारलं, इथला अधिकारी कोण? तो म्हणाला, आज कोन बी न्हाई, सुट्टी हाय. म्हणजे पद रिकामंच होतं. मी ते हातात घेतलं.

सह्याद्रीपासून सुरुवात केली. श्रोते हळूहळू पांगत गेले, कारण विषयाच्या अनुषंगाने एकेक वस्तू जवळून बघावी असं त्यांना वाटत होतं. आगाशीणबाई सावली बघायला गेल्या. सुनेत्रा आणि श्रीपाद एका दिव्यापाशी उभी राहिली आणि मी त्या दिव्याकडे वळलो की दुसऱ्या दिव्यापाशी जात होती. आगाशे मात्र खरे जिज्ञासू. मी बोलत होतो आणि ते एकेक पाऊल मागे घेत होते. शेवटी शेडच्या टोकाला गार्डाचा जुना ब्रेकचा डबा उभा होता, त्यात चढून आतल्या बाकावर जाऊन बसले. निवांत ऐकता यावं म्हणून. अशा श्रोत्याला सोडून कसं चालेल? मीही मागोमाग चढलो. मास्तर, जोडं काडून चडा, आत निवद हाय, असं मारुती ओरडला. डब्यात खरोखरच शिऱ्याची परात ठेवलेली होती. कुठेही नैवेद्य! माझे पंपशू नवे असल्याने काढण्याचा प्रश्नच नव्हता.

आगाश्यांना म्हटलं, घाट उतरताना सगळ्या गाडीचा जीव या एका हँडलवर असायचा. बघा, असं फिरवलं की ब्रेक लागतो. आणि फिरवलं.

आता, हँडल कोणत्या बाजूला फिरवायचं याबद्दल दोन मतं असू शकतात. मी फिरवलं त्या बाजूने ब्रेक सुटला. तरीही काही बिघडलं नसतं, कारण चाकांखाली लाकडी ठोकळे असतात. पण ते ठोकळेसुद्धा या भल्या माणसांनी काढून, धुऊन, हळद-कुंकू लावून पूजेला मांडले होते! का, तर तेही हत्यारच! आणि शेडबाहेरचा रूळ उताराचा आहे, असं कुठेही लिहिलेलं नव्हतं.

डबा निघाला. आधी अगदी सावकाश. आगाशे म्हणाले, अहो, हे हलतंय का? मी म्हणालो, हा भासाचा उत्तम नमुना आहे, शेजारची वस्तू हलली की आपणच हलल्यासारखं वाटतं. शेजारी काहीच नव्हतं. तोरण तुटून आमच्या गळ्यात आलं आणि आम्ही उन्हात बाहेर पडलो. मागून मारुती ओरडला, आरं पूजा निगाली, पूजा निगाली! आगाशे बाकाला घट्ट धरून रामरक्षा म्हणत होते. मी हँडल जोरजोरात फिरवत होतो, अर्थात त्याच बाजूला. माणसाने आपल्या मतावर ठाम राहावं.

तेवढ्यात सुनेत्रा धावत आली. पदर खोचलेला, पायात काही नाही, भर लोकांत! ती आणि श्रीपाद दोन बाजूंनी डब्यात चढले. तिने मला, जन्मदात्या बापाला, खांद्याने बाजूला ढकललं. मी परातीत बसलो. दोघांनी मिळून हँडल उलटं फिरवलं. डबा किंचाळला आणि मातीच्या ढिगाला टेकून उभा राहिला. आगाश्यांची पगडी माझ्या मांडीवर, शिऱ्यात.

मारुतीने आगाश्यांना उतरवून पाणी दिलं. लागलं कुणाला नाही. आगाशे मला एकच वाक्य बोलले, आता पुरे. मी म्हटलं, हो, मुख्य मुद्दा आलाच आहे.

परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. मीच बोललो.

२१ ऑक्टोबर, दसरा

सोनं वाटून आलो. घरात सुतक असल्यासारखी शांतता. पूजा उठवली, व्याख्यान मिळालं, पण उघडावंसं वाटेना.

ही स्वयंपाकघरात डोळे पुसताना दिसली. चुलीचा धूर म्हणावं तर चूल विझलेली होती. म्हणाली, हे तिसरं स्थळ. आणि या वेळी पोरीला हवं होतं हो. सुनेत्रा जेवली नाही.

मला वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं. पंपशू काढायला हवे होते.

संकल्प: उद्या पुण्याला जाऊन आगाश्यांना ब्रेकचं तत्त्व नीट समजावून सांगायचं, म्हणजे त्यांचा गैरसमज दूर होईल. असं म्हटल्यावर हिने माझी टोपी आणि पंपशू कपाटात घालून किल्ली कमरेला लावली.

२५ ऑक्टोबर

आगाशे स्वतः आले. नवी पगडी. मी पुढे झालो, पण ही मधे आली आणि त्यांना पाणी, गूळ, पाट, सगळं एका दमात दिलं.

मुलगी पसंत आहे! श्रीपाद म्हणतो, करीन तर हिच्याशीच. हुंडा नको, मानपान नको. अट एकच. साखरपुड्यापासून सप्तपदीपर्यंत मुलीच्या वडिलांनी मंत्रांखेरीज तोंड उघडायचं नाही.

मी उत्तर द्यायला श्वास घेतला. तेवढ्यात ही म्हणाली, मान्य आहे. माझ्या वतीने! आगाशे तिला हात जोडून साडेतीनच्या गाडीने गेलेसुद्धा.

किळस आली या लोकांची. मुलगी द्यायची आणि वर हा अपमान! हे असले कोत्या मनाचे लोक, उद्या माझ्या पोरीला काय सुखात ठेवणार? सुनेत्राला बोलावणार आहे. ती बापाचा अपमान सहन करणारी मुलगी नाही. ती एक शब्द बोलली तर मी हे लग्न मोडायला तयार आहे.

२५ ऑक्टोबर, दिवेलागण

सुनेत्राला बोलावलं. आगाश्यांची अट सांगितली आणि म्हटलं, बोल, तुला चालेल का हे?

ती वाकली, माझ्या पायांना हात लावला आणि खाली बघूनच म्हणाली, नाना, रागावू नका. ती अट त्यांची नाही. त्या डब्यात हँडल फिरवताना मीच त्यांच्या मुलाला म्हटलं, एवढं कबूल करून घ्याल तर मी हो म्हणेन.

मी काही बोललो नाही.

अजूनही बोललेलो नाही. ही दोनदा डोकावून गेली. आता जवळ येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघते आहे आणि विचारते आहे, अहो, ताप तर नाही ना आला?