येळवशीची आंबील आणि माझा बसलेला आवाज

बाई, माझा आवाज बसला आहे. थोडे दिवस अजिबात बोलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. मी गप्प बसू शकते यावर माझ्या घरात अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही. नवरा दर थोड्या वेळानं येऊन मी खरंच गप्प आहे ना ते बघून जातो. बोलायला मनाई आहे, लिहायला नाही, म्हणून आज तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे ऐकवावं असं दुसरं माणूस आठवलं नाही. कारण डॉक्टरांनी मला जो पहिला प्रश्न विचारला, तो माझ्या आयुष्यात सगळ्यात आधी तुम्ही विचारला होता.

धाराशिवच्या त्या दवाखान्यात मी घसा दाखवायला गेले होते. त्यांनी नळी घालून घसा बघितला आणि मग घशाबद्दल काही न बोलता विचारलं, "जेवता कधी?" मी गावोगाव भाषणं देणारी, भरल्या सभेत मागून ओरडणाऱ्याला एका वाक्यात खाली बसवणारी बाई. पण या दोन शब्दांना मी उडवाउडवीचं उत्तर दिलं. मी म्हणाले, कार्यक्रम संपला की. ते म्हणाले, "कार्यक्रम कधी संपतो?" मग त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. उशिरा, भरपूर आणि घाईनं जेवायचं, लगेच गाडीत मागं टेकून झोपायचं, सकाळी उपाशीपोटी चहावर चहा घ्यायचा. पोटातलं आम्ल वर येतं आणि स्वरयंत्र रोज थोडं थोडं भाजतं. घशात काही बिघाड नाही, बिघाड जेवणाच्या रीतीत आहे. ही रीत बदलली नाही तर आवाज असाच घोगरा राहील, कदाचित व्यासपीठावर चालण्यासारखा राहणारच नाही.

तेव्हा तुमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आलं. मी सातवीत, तुमच्या वर्गात आहे. दुसऱ्या दिवशी कळंबला वक्तृत्व स्पर्धा आहे आणि सकाळची एसटी चुकू नये म्हणून तुम्ही मला आदल्या दिवशी शाळेतूनच तुमच्या घरी घेऊन आला आहात. तुम्ही मऊ भात, मुगाचं वरण, दोडक्याची भाजी आणि जिरं घातलेलं ताजं ताक ताटात वाढता. मी हिरमुसते. स्पर्धेला जायचं म्हणजे भजी, निदान शेंगदाण्याची पोळी तरी मिळेल अशी माझी समजूत. पण भूक लागलेली असते. मी खाली मान घालून जेवायला लागते आणि तुम्ही पाण्याचा तांब्या ठेवून वळेपर्यंत ताट संपलेलं असतं. तुम्ही ताटाकडं बघता, माझ्याकडं बघता. "कोण मागं लागलंय गं तुझ्या?" मला वाटतं, तुम्ही चेष्टा करताय. मी हसते. तुम्ही हसत नाही. "घरी जेवता कधी तुम्ही पोरी?" मी सांगते, बापूंचं, भावांचं झालं की, आणि तोवर भांडी घासायला आलेली असतात, म्हणून पटकन. तुम्ही पुन्हा भात वाढता आणि म्हणता, "आता हा घास घास चावून खा. पोटात काय दात न्हाईत. आणि पोटात वारा धरला की उद्या आवाज वर यायचा न्हाय, सांगून ठेवते." मग तुम्ही दार ओढून बाहेर पायरीवर जाऊन बसता. बाहेरून तुमच्या सासूबाई विचारतात, पोरगी काय करतीय आत. तुम्ही म्हणता, "जेवतीय. कुणी हाक मारू नका तिला."

कुणीही हाक न मारलेलं ते माझं पहिलं जेवण. स्पर्धेत नंबर आला की नाही हे मला आज नीट आठवत नाही, पण त्या दोडक्याची चव आठवते.

पुढं मी कॉलेजला निघाले तेव्हा तुम्ही मला फिरकीच्या झाकणाचा स्टीलचा डबा दिलात. पेन द्याल, पुस्तक द्याल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "यात सकाळची भाकरी आणि पालेभाजी राहिली पाहिजे. मेसमधल्या तेलात पोहायला जाऊ नको." मैत्रिणींमध्ये तो डबा उघडायची मला लाज वाटायची. ज्वारीची भाकरी तेव्हा गावंढळपणाची खूण होती. आता शहरातली मंडळी तीच ज्वारी पिशवीत घालून, वर पचनाला हलकी असं छापून विकतात, आणि आमच्याच गावातली पोरं मैद्याचं पाव-बिस्किट खाऊन पोट धरून बसतात. मी यावर भाषणं केली आहेत, बाई. टाळ्या मिळाल्या आहेत. हुलग्याच्या माडग्यावर, अंबाडीच्या भाजीवर, कडधान्यांना मोड आणण्यावर मी तासभर बोलू शकते. आणि त्या भाषणाला मी सकाळपासून चार चहा आणि एक खारी यांच्यावर उभी राहिलेली असते.

एका गोष्टीवरून मात्र मला तुमच्याशी भांडायचं आहे. तुमच्या पदराच्या गाठीला ओवा असायचा. तास चालू असताना तुम्ही चिमूट तोंडात टाकायचात. आम्हा पोरींना वाटायचं, तुम्हाला ओवा आवडतो. आम्ही तुमची नक्कलही करायचो. आज कळतं की तुमचं पोट दिवसभर फुगलेलं असायचं. आपल्या शाळेत बायकांसाठी मुतारी नव्हती. तुम्ही सकाळी घरून निघाल्यावर परत घरी जाईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नव्हता. सगळ्या शिक्षकांसाठी माठ भरून ठेवायला तुम्ही आम्हाला पाठवायचात आणि स्वतः त्याला शिवायचा नाहीत. आम्हाला दार ओढून जेवायला बसवणाऱ्या तुम्ही स्वतः ओट्यापाशी उभ्यानं, झाकणीत घेऊन जेवायचात. तुमच्या शोकसभेत मी बोलले. तुमची शिस्त, तुमचं अक्षर, तुमचं पाठांतर, सगळ्यावर बोलले. या ओव्यावर कुणीही बोललं नाही.

आज मोबाइलवर रोज कुणी ना कुणी आरोग्याचा सल्ला पाठवतं. भरपूर पाणी प्या. वेळेवर जेवा. सावकाश चावा. पालेभाज्या, डाळी, फळं, ताक. जेवल्यावर थोडं चाला. एकही शब्द खोटा नाही. पण हे सगळं ज्याच्या हातात स्वतःची वेळ आहे त्याला उद्देशून लिहिलेलं असतं. जिला पाणी प्यायचं म्हणजे आधी संडास कुठं आहे हे शोधावं लागतं, जिला वेळेवर जेवायचं म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या आधी ताट घ्यावं लागतं, तिला हा सल्ला कुठून सुरू करायचा हे कुणी सांगत नाही. मी एसटीनं आणि संयोजकांच्या गाड्यांनी जिल्हाभर फिरते. पाणी टाळायची तुमची सवय प्रवासात मीही कधी उचलली हे मला कळलंसुद्धा नाही. त्यातून आलेली बद्धकोष्ठता, तिच्यातून आलेली जळजळ. पचन ही पोटात घडणारी गोष्ट आहे हे मला मान्य आहे. पण ती सुरू होते ती घरात आणि कामाच्या जागी, कुणाला बसायला मिळतं आणि कुणाला नाही, इथून. हे मी डॉक्टरांनाही म्हणाले असते, पण त्यांनी तोंडावर बोट ठेवायला सांगितलं होतं.

तरी त्यांचं मी मानलं. म्हणजे घरी मानलं. दिवेलागणीला जेवण, निम्मी भाकरी आणि भाजी जास्त, मुगाची डाळ, जेवल्यावर अंगणात फेऱ्या, चहा एकच आणि तोही काही खाल्ल्यावर. तळलेलं आणि आंबट काही दिवस बंद. महिन्याभरात घसा निवायला लागला. नवऱ्यानं सुरुवातीला कुरकुर केली, मग तोही दिवेलागणीला जेवायला बसू लागला आणि आता त्याचं ढेकर देणं कमी झालं आहे, हे शेजारच्यांनीही ऐकलं आहे.

मग येळवस आली, रानात पूजा करायची आणि तिथंच पंगती मांडायच्या ती अमावस्या. लोहारा तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटानं बोलावलं होतं. येळवशीला सगळं गाव रानातच असतं, म्हणून सभाही रानातच, चिंचेखाली, दुपारी. विषय माझाच: बाईनं काय खावं, कधी खावं. गाडीतून उतरले तर संयोजक बाईंच्या सासूबाई पहिल्याच पंगतीला ओढून घेऊन गेल्या. रानात उभारलेल्या कडब्याच्या कोपीपुढं पूजा झालेली, केळीच्या पानावर भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, आणि माठ भरून आंबील. खरं म्हटलं तर या सगळ्या रानात पोटाला वाईट असं काहीच नव्हतं. तूर, वाल, हरभरा, पालेभाज्या यांची भज्जी आहे, ज्वारीचं आंबवलेलं पीठ आणि ताक यांची आंबील आहे. आपल्या आजी-पणज्यांनी थंडीतल्या पोटाचा विचार करूनच हे बसवलं असेल असं मी भाषणात सांगणारही होते. पण माझा घसा नुकता निवत होता, त्याला आंबट चालणार नव्हतं, आणि एवढी डाळ एकदम तर नाहीच.

"घ्या ताई, आंबील घ्या."

"थोडीच द्या मावशी."

आपल्याकडं 'थोडं द्या' म्हणणारा माणूस लाजतोय असं धरून वाढतात, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. मावशींनी तांब्या ओतला. "एवढ्या लांबनं आलाव आन थोडी कशी? आमच्या रानाची चव बघा की." मी प्यायले. मग भज्जी पुन्हा. मग शेजारच्या रानातले लोक बांधावरून हाका मारू लागले. "आमच्याकडं न्हाय यायचं व्हय? का त्येंचंच रान मोठं?" तिथं गेले. तिथली आंबील लसणाची, जास्त आंबट. मग त्याच्या पलीकडचं रान. येळवशीला बोलावलेल्या माणसानं पानावर न बसता जाणं म्हणजे रानाचा अपमान, हे मला कुणी सांगायला नको होतं. प्रत्येक ठिकाणी मी 'थोडं' म्हणाले आणि प्रत्येक ठिकाणी पान भरलं. 'नको' हा शब्द माझ्या तोंडातून एकदाही निघाला नाही.

चिंचेखाली बाया जमल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मायमाऊल्यांनो, आधी आपल्या ताटाचं बोलू." दुसऱ्या वाक्याला पोटातलं सगळं घशाशी आलं. आवाज फाटला, मग नुसती हवा निघाली. मी पाणी घेतलं, पुन्हा प्रयत्न केला. माइकमधून खरखर ऐकू आली. पुढच्या बाया आधी हसल्या, मग घाबरल्या. संयोजक बाईंनी मला खाली बसवलं. त्यांच्या सासूबाई पदर खोचून आल्या.

"काय झालं वो ताई?"

मी कुजबुजत सांगितलं, आंबट चालत नाही, डॉक्टरनं बंद केलंय. त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आगं बया! मग सांगायचं न्हाय व्हय? आमी काय धरून पाजली तुमाला? दुधातली खीर दिली असती, साधा भात केला असता." आणि मग बायांकडं वळून मोठ्यानं, "बघा गं, ष्टेजवर वाघीण आन पानावर मांजर!" सगळा चिंचेखालचा जमाव खदखदला. मीही हसले, म्हणजे हसल्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला. माझ्या भाषणाऐवजी त्याच बोलत राहिल्या. त्यांचं पोट कसं बिघडायचं, मुलाच्या लग्नात काय झालं होतं, मग त्यांनी दुपारचा चहा सोडून ताक कसं धरलं. मला ऐकायला आलेल्या बाया त्यांचंच जास्त लक्ष देऊन ऐकत होत्या. एकीनं विचारलं, संडास बांधला तर ताक प्यायला भीती नाही, पण बांधायचा कुणी? यावरून गटात भांडण जुंपलं, आणि मला वाटतं त्या दिवसाचं खरं भाषण तेच.

डॉक्टर रागावले. सूज पुन्हा चढली होती, आधीपेक्षा जास्त. आता पूर्ण मौन. आवाज किती परत येईल ते काही आठवड्यांनी बघू म्हणाले, आणि हे म्हणताना ते कागदाकडं बघत होते.

बाई, घरी शांतता आहे. दिवेलागणीला आम्ही दोघं बसतो. नवरा आता वरण-भात लावायला शिकला आहे, वरणात हिंग जास्त पडतो. बोलायचं नसल्यानं मी नुसती चावत राहते. पहिल्यांदा मला घासाला किती वेळ लागतो हे कळतं आहे. सकाळी पोट साफ होतं, तोंडाला चव आहे, आणि कितीतरी वर्षांनी मला सकाळी उठल्यावर खरीखुरी भूक लागते.

रोज फोन येतात. तेरखेड्याहून, उमरग्याहून, सोलापूरहून. तारखा विचारतात. मी उत्तर म्हणून लिहून पाठवते, लवकरच बरी होते, मलाही व्यासपीठाची ओढ लागली आहे. ते वाचून लोक हळहळतात.

तुम्ही गेलात तिथला पत्ता मला माहीत नाही, आणि असता तरी मी हे पाठवलं नसतं. आवाज परत येणार नाही याची मला भीती वाटते, हे खरं आहे. पण तो परत आला तर पुन्हा तसंच, लोकांच्या वेळेनं आणि लोकांच्या पानावर जेवावं लागेल, याची भीती त्याहून थोडी जास्त वाटते. हे मी नवऱ्यालाही लिहून दाखवलेलं नाही.