पॉलीचा डोस

३ नोव्हेंबर
आले एकदाची खेडला! खोली झकास, नोकरी त्याहून झकास. केमिकल कारखान्याचं सांडपाणी साफ करायचं. मी केळशीच्या घरून निघताना आईने नाक मुरडलंच, बीएस्सी होऊन गटार उपसणार का म्हणून. तिला काय ठाऊक! गढूळ पाण्यात पॉली सोडायचं, म्हणजे विद्युतभार असलेलं पॉलिमर. विखुरलेला बारीक गाळ त्याला चिकटतो, गोळे होऊन तळाशी बसतो, वर पाणी नितळ. बघत राहावंसं वाटतं. फक्त हाताला लागलं की बुळबुळ जाता जात नाही. आमचे सुपरवायझर नितेशसर म्हणाले, नीट काम केलंस तर वर्षभरात पर्मनंट. पर्मनंट झाल्याशिवाय केळशीचं तोंड बघणार नाही, सांगून ठेवते!

७ नोव्हेंबर
गाळात माणसाचं नख सापडलं. सफाईवाल्या गोदामावशींना दाखवलं. म्हणाल्या, बाय, हा शिवा, तुझ्याआधीचा. तो टाकी धुवायला आत उतरलेला, तेवढ्यात तपासणीवाले आले. सगळं चालू दाखवायला नितेशसरांनी घाईत टाकीतली ढवळणी सुरू केली. पात्यांनी चेंदा केला त्याचा. हाती लागलं तेवढं जाळलं, बाकीचं टाकीच्या पाण्यातच राहिलं. पाय घसरला म्हणून सांगितलं सगळ्यांना.

८ नोव्हेंबर
सरांना विचारलं. ते म्हणाले, तोंड बंद ठेव, पुढच्याच महिन्यात पर्मनंट करतो. आणि पॉली दुप्पट सोड, काय असेल ते तळाशी बसेल. मेल्याची जीभ झडो! पण मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची. डोस दुप्पट केला.

११ नोव्हेंबर
गाळ तळाशी बसत नाहीये. गोळा होतोय.
आज हात होता. करड्या गाळाचा, आत हाडांच्या कपच्या. मी बांबूने ठेचला, रडत रडत ठेचला. जेवून आले तर परत जुळलेला.

१२ नोव्हेंबर
डोस बंद केला. उपयोग नाही, टाकीत पॉली आधीच भरपूर आहे. खांदा झालाय. जबडा— दात आहेत त्यात—

१३ नोव्हेंबर
सर टाकीत वाकून बघत होते. गाळातल्या शिवाने त्यांच्या मानेला धरलं. ढवळणी आपोआप सुरू झाली, मी बटणाला हात लावला नाही, आईशप्पथ. आधी सरांचा हात खांद्यातून उपटला. मग डोकं पात्यात— माझ्या तोंडावर उडलं सगळं. पाणी लालभडक झालं. आणि लगेच नितळ.

१४ नोव्हेंबर
गोदामावशी म्हणाल्या, पळ बाय. खोलीवर आले. कडी लावली. हात धुतेय सकाळपासून. साबण, राख, चिंच. बुळबुळ जात नाही. पॉली आहे हाताला. ज्याला पॉली लागलं ते सगळं तो गोळा करतोय—

मोरीच्या जाळीतून गाळ वर येतोय. दोन तोंडं आहेत. एक सरांचं—

आई, मी बोलायला हवं होतं गो— बोटं सुटत नाहीत— त्याच्या बोटांत माझी—