खालच्या खणातल्या लॅपटॉपची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अडुसष्ट, जुनी मॅट्रिक, विधवा, आयुष्यभर घर सांभाळलेली, देवाला समोर ठेवून लिहिते की माझी बुद्धी शाबूत आहे आणि माझ्यावर कोणाचा दाब नाही. हृदयाची झडप निकामी होत आली आहे. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही, म्हणून मीही ठेवत नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही.

१) राहते घर, बँकेतील ठेव व दोन बांगड्या मोठ्या मुलीला. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. तिने कधी काही मागितले नाही, म्हणून मीही कधी विचारले नाही. हे माझे चुकले. जमाखर्चाच्या वह्या रद्दीत घालाव्यात. त्यांत लपवण्यासारखे काही नाही, वाचण्यासारखेही नाही.

२) माझा धाकटा मुलगा सहा वर्षांपूर्वी, एकेचाळिसाव्या वर्षी गेला. तो बॅक-एंडचे काम करी. म्हणजे संकेतस्थळावर आपण बटण दाबले की त्यापुढचे जे दिसत नाही, ते सगळे. हे काम शिकणाऱ्यांसाठी त्याने व सूनबाईने मिळून एक फुकट संकेतस्थळ चालवले होते. कोणते साधन आधी हाती घ्यावे, कोणते पुस्तक दुसऱ्या वाचनातच कळते, कोणत्या महागड्या वर्गाच्या वाटेला जाऊ नये, अशी यादी. आणि प्रत्येक साधनाखाली सरावाचे धडे. धाकटे दीर त्याला नेहमी टोमणा मारत, काहीतरी केलेले दाखव की. तो हसून म्हणे, "काका, दिसायला लागलं की समजायचं, बिघडलंय." दिरांना मी काही ठेवत नाही. त्यांना दिसेल असे माझ्याकडे काही नाही.

मुलाची नऊ जाड पुस्तके ग्रंथालयाला द्यावीत. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नयेत. डेटाबेसच्या पुस्तकावर चहाच्या कपाचा गोल आहे. तो माझा, बोलणी मात्र त्याने खाल्ली.

३) कपाटाच्या खालच्या खणातला त्याचा लॅपटॉप व छोटी डिस्क सूनबाईला. तिने पुन्हा लग्न केले आहे. तरी मी तिला सूनबाईच लिहिते. ज्याला आक्षेप घ्यायचा त्याने घ्यावा.

हे कलम असे का, ते लिहून ठेवते. मुलगा गेल्यावर आठव्या दिवशी तिने तो लॅपटॉप मागितला. म्हणाली, पुढचे चाळीस धडे त्यात अर्धवट आहेत. मी म्हटले, "माझा मुलगा या डब्यापुढे झिजला. आता कुणी हात लावायचा नाही." बॅग तिच्या हातातून ओढून घेतली. कामाची नक्कल नेहमी दुसऱ्या घरी ठेवावी, असे तो शिकणाऱ्यांना बजावत असे. स्वतःच्या नकलेची डिस्क मात्र त्याच बॅगेत होती. तीही माझ्याकडे आली. सूनबाई रिकाम्या हाताने गेली.

मी लॅपटॉप चांगल्या साडीत गुंडाळून ठेवला. न वापरलेली वस्तू टिकते, हे मी जन्मभर मानत आले. यंदा काढला तर बॅटरी फुगून झाकण उचलले गेले होते. दुरुस्तीवाले म्हणाले, मधूनमधून चालू करायला हवा होता. त्यांनी बॅटरी बदलली. आतले सगळे शाबूत आहे. पण पासवर्डशिवाय उघडत नाही. तो फक्त सूनबाईला ठाऊक.

वकिलांनी तिचा पत्ता मागितला, म्हणून गुरुवारी मी तिला फोन केला. सहा वर्षांत पहिला. पत्ता लिहून घेतला आणि लॅपटॉप तुझ्या नावे करते आहे, असे सांगितले.

ती म्हणाली, "आई, ते धडे मी सगळे पुन्हा लिहिले. दोन वर्षं लागली. मुलं वापरतायत आता."

मी म्हटले, मग तुला त्याचा काय उपयोग.

ती म्हणाली, "कोडमध्ये तो मधेमधे टिपा लिहायचा. मशीन त्या वाचत नाही, माणसांसाठीच असतात. निम्म्या मला चिडवायला लिहिलेल्या. त्या काही मला पुन्हा लिहिता येणार नाहीत." आणि मग, "पण आत्ता नको. तुमच्याकडेच असू दे. तुमच्यानंतर नेईन."

मी म्हटले, "नंतर कशाला? माझं चुकलं. रविवारी ये. दोघी मिळून वाचू."

ती हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. पण फोनही तिने ठेवला नाही. मीही ठेवला नाही. बराच वेळ.

तरी, ती रविवारी आली तर लॅपटॉप तिला हयातीतच दिला असे धरून हे कलम रद्द समजावे. न आल्यास कलम कायम राहील, आणि मुलीने तो दर महिन्याला एकदा चालू करून ठेवावा, सूनबाई नेईपर्यंत.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. साक्षीदारांना यातून काही मिळत नाही.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई (सही) २. लॅपटॉप दुरुस्त करणारे (सही)

ठिकाण: राहते घर
शनिवार, दि. १४ जून २०२५