चाळीस वजा सतरा

बाई, तुम्हांला जाऊन बावीस वर्षं झाली, आणि एवढी वर्षं मी तुमच्याशी मनातल्या मनात भांडत आले. परवा ते भांडण मी जिंकले. निदान मला तरी तसं वाटतंय, आणि हे सांगावं असं दुसरं माणूस नाही, म्हणून तुम्हांलाच लिहायला बसलेय. माझी नोकरी आता ठाण्याजवळ, दिवा गावात आहे. तिसरीचा वर्ग, पटावर बावन्न मुलं. शाळेला मैदान नाही, वर्ग लहान, आणि पाण्याचा टँकर आला की निम्म्या पोरी दप्तर टाकून हंडे भरायला पळतात.

तुम्ही मला रागावलात तो दिवस मला लख्ख आठवतो. मी तेव्हा तिसरीत होते. आपल्या कल्याणच्या शाळेत मधली सुट्टी संपलेली, आणि मी व्हरांड्यातल्या लाद्यांवरून सात-सात लाद्या मोजत उड्या मारतेय. सात, चौदा, एकवीस. सातव्या लादीवर दोन्ही पाय टेकायचे. घरी, खाडीकाठच्या कोळीवाड्यात, एका जागी बसून कुणी काही करतं हे मी पाहिलेलंच नव्हतं, त्यामुळे पाढा असाच पाठ होतो अशी माझी समजूत. तुम्ही दारात उभ्या. इस्त्रीची सुती साडी, हातात हजेरीपट. "गणित पायांत नसतं, डोक्यात असतं. आत ये, आणि हलू नकोस." पूर्ण तास मी हाताची घडी घालून बसले. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय गो बाय, तोंड कशाला सुजलंय?" मी सांगितलं, तर ती म्हणाली, "बाई बोलल्या ना? मंग बरोबरच असेल." आमच्या घरात तुमच्या शब्दावर अपील नव्हतं.

डी.एड. होऊन मला नेमणूक मिळाली, तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्या डोंबिवलीच्या घरी आलेले. तुम्ही मला थेट स्वयंपाकघरात नेलंत. पोळ्या लाटत होतात. मी तरुण, अंगात जोर, मोठ्या तोऱ्यात म्हणाले, "बाई, मी पोरांना खेळत गणित शिकवणार. बसवून ठेवणार नाही." तुमचं लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली तरी तुम्ही ती उलटली नाहीत. "माझ्या आईला वर्गाच्या दाराबाहेर बसवायचे," तुम्ही म्हणालात. "सगळी आत, ती आणि तिची पाटी बाहेर. मी पहिल्यांदा बाकावर बसले ना, तेव्हा ती खिडकीबाहेर उभी राहून नुसती बघत होती. बाक म्हणजे काय असतं ते तुला नाही कळायचं. मुलांना आधी बसायला शिकव." मग तुम्ही उठून कपाटातली एक निळी साडी माझ्या हातात ठेवलीत. मी ती घेऊन, पाया पडून निघाले. आजही त्या वाक्यासमोर मोठ्याने बोलायची माझी छाती होत नाही. त्यानंतर कितीतरी वर्षं मी मुलांना बसवूनच शिकवलं.

हे मोडलं ते यंदा, एका मुलीमुळे. आठ-नऊ वर्षांची, हुशार डोळ्यांची. बेरीज पटापट करते, पण हातच्याची वजाबाकी आली की हमखास चुकते. त्रेचाळीस वजा सतरा, तर उत्तर चौतीस. कितीही वेळा विचारा, चौतीसच. कारण वरच्या तिनातून खालचे सात जात नाहीत, मग ती सरळ उलटं करते, सातातून तीन काढते. मी फळ्यावर दहादा समजावलं. एके दिवशी ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "बाई, तो हातचा कुठून येतो ते दिसतच नाही ना!" त्या दिवशी मी घरी जाऊन जेवले, पण काय जेवले ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांच्या मदतीने सगळे बाक बाहेर काढले आणि जमिनीवर खडूने दोन घरं आखली, एककांचं आणि दशकांचं. त्रेचाळीस मुलं उभी केली. दहा-दहा जणांनी हात धरून साखळ्या केल्या, त्या चार साखळ्या दशकांच्या घरात. उरलेली तिघं एककांच्या घरात. "आता यांतून सतरा घालवायचेत. आधी एककांतून सात बाहेर या." तिघं एकमेकांकडे बघायला लागली. आणि ही मुलगी ओरडली, "अरे, शेजारी मागा ना! त्यांच्याकडे भरलेले हंडे आहेत!" तिने स्वतःच एक साखळी सोडवली आणि ती दहाच्या दहा पोरं आरडाओरडा करत एककांच्या घरात घुसली. तिघांचे तेरा झाले. तेरातून सात बाहेर, मग एक साखळी बाहेर. उरले सव्वीस. तिने दोनदा मोजले, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "म्हणजे चौतीस नाहीच!"

मग रोजच खेळ सुरू झाला. आवाज इतका की खालच्या मजल्यावरून निरोप यायला लागले. एका पालकाने विचारलं, "मॅडम, खेळायचंच तर घरी काय कमी खेळतात?" मुख्याध्यापक तसे सज्जन, पण घाबरट. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात साहेब तपासणीला येतायत. मुलांना कागदावर आलं तर ठीक. नाहीतर बाक आत, आणि हा विषय बंद." मी हो म्हणाले. घरी आल्यावर तुमची निळी साडी काढून बसले, आणि वाटलं, तुमचंच खरं निघालं तर?

मुख्याध्यापकांबरोबर साहेब वर्गात आले आणि नेमका टँकरही आला. वर्गात अडतीस मुलं उरली. साहेबांनी मुलांकडे न बघताच फळ्यावर लिहिलं, चाळीस वजा सतरा. शून्याचं गणित मी अजून घेतलंच नव्हतं. हीच मुलगी उठली. फळ्याकडे बघितलं, वर्ग मोजला आणि म्हणाली, "बाई, दोघं कमी पडतात." मग साहेबांकडे वळून, जराही न अडखळता, "साहेब, तुम्ही या. सर, तुम्हीपण." मुख्याध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. साहेब मात्र हसले, फाईल टेबलावर ठेवली आणि एका पोराचा हात धरून चौथ्या साखळीत उभे राहिले. त्यांच्या शेजारी मुख्याध्यापक. एककांचं घर रिकामं. "कुणीच नाही, मग पूर्ण हंडा आणा," ती म्हणाली, आणि चौथी साखळी सुटली. साहेब धावले, बाई! पोट सावरत, चष्मा सावरत, आठ पोरांबरोबर एककांच्या घरात धावले. सात बाहेर काढताना तिने त्यांनाही काढलं. "साहेब, तुम्ही वजा झालात." सगळा वर्ग खदखदून हसला. मग एक साखळी बाहेर. उरल्या दोन साखळ्या आणि तिघं, त्यांत आमचे मुख्याध्यापक. तेवीस.

मग साहेबांनी सगळ्यांना खाली बसवून कागदावर सत्तर वजा चौतीस घातलं. तेवढ्या वेळात मी खिडकीशी जाऊन उभी राहिले, मागे बघवेना. कागद गोळा झाले. अडतीसपैकी पस्तीस जणांनी छत्तीस लिहिलं होतं. आणि त्या मुलीने छत्तीसच्या खाली दोन छोट्या रेघाही मारलेल्या, तिला खात्री असली की ती मारते तशा. साहेबांनी तो कागद मुख्याध्यापकांना दाखवला आणि म्हणाले, "वरची हॉलसारखी मोठी खोली यांना द्या. बाक लागत नसतील तर नका ठेवू." परवा त्यांनी मला ठाण्याला बोलावलेलं, शिक्षकांच्या प्रशिक्षणाला. मोठ्या सभागृहात चाळीस शिक्षक, कुणी निवृत्तीला आलेले, एकमेकांचे हात धरून साखळीत उभे, आणि मी खडू घेऊन मध्ये. एक वयस्कर बाई साखळी सुटताच अशा धावल्या की त्यांची चप्पल मागे राहिली. टाळ्या वाजल्या तेव्हा मला तुमचं ते स्वयंपाकघर दिसलं, आणि इतक्या वर्षांनी उत्तर सुचलं. बाई, तुमच्या आईला कुणी बसू दिलं नाही. माझ्या या मुलीला कुणी उठवलं नाही, ती आपणहून उठली, आणि साहेबांनाही साखळीत उभं केलं. हे तुम्ही मिळवून दिलेल्या त्या बाकामुळेच झालं असणार. पण उठली ती. एवढं मला तुमच्याकडून कबूल करून घ्यायचं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. घडी करून पर्समध्ये ठेवीन, मग कधीतरी पर्स बदलताना हरवेल. आता घंटा व्हायला दहा मिनिटं आहेत. हे लिहायला वेळ मिळावा म्हणून मी सगळ्या वर्गाला हाताची घडी, तोंडावर बोट करून बसवलंय. कुणी हलत नाही. पंख्याचा आवाज ऐकू येतोय. आणि खरं सांगू, बाई? मला हे फार बरं वाटतंय.