अमिनोच्या मुंग्या

मासांबादादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून ही चिठ्ठी. आईला घेऊन दवाखान्यात जातेय. तुझ्या अमिनोच्या, त्या ताकदीच्या औषधाच्या डब्यातली पावडर मी दुधाची समजून तिच्या बाजरीच्या लापशीत चार चमचे घातली. थोड्याच वेळात तिच्या तोंडाला, हातांना मुंग्या आल्या. "रविवारी मासांबाशी लढणाऱ्या त्या पैलवानानं करणी केली गं!" म्हणून ओरडतेय.

पण तालमीआधी तुलाही अशाच मुंग्या येतात ना? त्याही करणीच्याच समजून, ती उतरवायला आईनं आपला मेंढा ताईत देणाऱ्या मराबूबाबाला दिला, तेव्हा ह्या पावडरीचं तू सांगितलं नाहीस. तुझी ताकद वाढली की नाही, अल्ला जाणे. ह्या पावडरीनं जीव तर जात नाही ना, तेवढं फोन करून सांग. डबा सोबत नेतेय.

लापशीचं पातेलं मी चाटूनपुसून साफ केलं होतं. आता लिहिताना माझ्याही बोटांना मुंग्या यायला लागल्यात.

कुंबा