घरात शिरलेला उशीर

सोमवार, ४
नव्या नोकरीचा पहिला दिवस, आणि झकास गेला. इमारतींची मोजमापं घेऊन नकाशे करणारं छोटं ऑफिस. चौघं जण घरून काम करतात. नवा सर्व्हर बसवल्यापासून त्यांचा व्हीपीएन, म्हणजे घर आणि ऑफिस जोडणारा बंद बोगदा, रखडतो. त्यासाठीच मला घेतलं. साहेबांनी शिक्षण विचारलं. म्हटलं, कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, रेडिओ खोलून शिकलो. नकाशेवाला फोनवर म्हणाला, फाइल उघडायला लावून आंघोळ करून येतो, तरी ती तशीच. नवा सर्व्हर आणलात की नवा जावई? घरी हे सांगितलं तेव्हा ही पोट धरून हसली, मग टाके दुखतात म्हणून मलाच रागावली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. नव्या घरातली खिडकी तिला आवडली आहे.

मंगळवार, ५
घाईने काही बदलायचं नाही, आधी मोजायचं, ही माझी पद्धत. ऑफिसातल्या ऑफिसात फाइल चटकन उघडते. बाहेरची लाइनही ठणठणीत. म्हणजे दोष बोगद्याच्या तोंडाशी. दुपारी सापडला. सर्व्हर बसवणाऱ्याने सेटिंगमध्ये एक खूण चुकीची ठेवलेली, त्यामुळे चौघांच्या घरातलं सगळंच, पोरांचे सिनेमेसुद्धा, ऑफिसातून फिरून जात होतं. खूण काढली. तिघांचे आभाराचे फोन आले. हिशेब पाहणाऱ्या बाईंचं मात्र अजून रखडतंय.

बुधवार, ६
बाईंचा राउटर बदलला, सेटिंग पहिल्यापासून केली, बोगद्यातून जाणारे डेटाचे तुकडे लहान केले. फरक शून्य. बाई चेष्टेने म्हणाल्या, आता घरसुद्धा स्लो झालंय. शेजारच्या खोलीतल्या सासूबाईंना हाक मारली की उत्तर सावकाश येतं, एरवी तोंडातून शब्द निघायच्या आत टोला यायचा, तेव्हा दुरुस्त नाही केलंत तरी चालेल. मीही हसलो. सर्व्हरवाल्या कंपनीचा माणूस म्हणतो, जुना सर्व्हर परत लावा. मी साहेबांना सांगितलं, हार मानून मागे जाणं माझ्या स्वभावात नाही.

गुरुवार, ७
बाईंचा आवाज आज वेगळा होता. म्हणाल्या, चहा घेणार का, असं सासूबाईंना सकाळी विचारलं. जेवण झाल्यावर भिंतीपलीकडून उत्तर आलं, अर्धा कप दे. त्या वेळी सासूबाई समोर बसून औषध घेत होत्या, ओठ मिटलेले. बाईंनी वायर उपटून टाकली आहे. माझ्या पडद्यावर त्यांचं घर अजून जोडलेलंच दिसतं. दमला असाल, असं मी त्यांना म्हणालो. म्हणायला नको होतं.

शुक्रवार, ८
सासूबाई न्हाणीघरात पडल्या. कुणालाच कळलं नाही, कारण आवाजच आला नाही. बाई टॉवेल ठेवायला गेल्या म्हणून दिसल्या. उचलून गाडीत घातल्यावर रिकाम्या न्हाणीघरातून त्यांची किंकाळी आली. हॉस्पिटलात आहेत, शुद्ध नाही.
साहेब म्हणतात, सगळं बंद करा. मी एक दिवस मागून घेतला. दोष बाईंच्या घराचा की माझ्या सर्व्हरचा, हे ठरायलाच हवं. त्यांची जोडणी काढून माझ्या घराला दिली. बाई फोनवर रडत सांगत होत्या, तुमच्या घरी नका नेऊ हो. पण जोडणी हलवताक्षणी त्यांच्या घरातला उशीर थांबला. म्हणजे दोष घराचा नाही, जोडणीचाच. मी बरोबर होतो.

शनिवार, ९
सकाळी हिला विचारलं, बरं वाटतंय का. हसली. उत्तर दाढी करताना ऐकू आलं. वायर काढली. राउटरचे दिवे चालूच. ते खरंच चालू आहेत, की विझलेले मला अजून दिसायचे आहेत?
हिला म्हटलं, चल, बाहेर जाऊ. ती माझ्याकडे पाहत बसली, जणू मी अजून बोललोच नाही.

रविवार
हिच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडे नुसतं शांत. कालचं माझंच बोलणं कानावर पडतंय —
आता दिसतंही उशिरा. नळ सोडला, हात भिजला, पाणी दिसलं नाही. फक्त हाताखालचं अक्षर वेळेवर उमटतं, म्हणून वही सोडत नाही.
ती खिडकीत बसली आहे. केस विंचरते आहे. केव्हाची?

नंतर
खांद्यावर हात ठेवायला गेलो. हात खुर्चीच्या पाठीला लागला. खुर्ची रिकामी. ती अजून विंचरतेच आहे —

खिडकीत नाही, तर कुठे. खोली चाचपली. पलंग, गार. दार आतून बंद.
स्वयंपाकघर. फरशी स्वच्छ, मोकळी दिसते. पायाला काहीतरी मऊ —

खाली बसलो आहे. दिसत काहीच नाही. हाताला केस. कपाळ. अजून ऊब आहे. श्वास लागतोय का हाताला, कळत नाही —
मी बरोबर असून काय —
उचलतो. आधी उचल —

आता कुठे मागून तिची हाक येते आहे. अहो, जरा लवकर या, मला —