बदल्यात दिलेला चष्मा परत मिळण्याबाबत

प्रति,
मा. निरीक्षक, वजने व मापे,
वाशीम, जि. अकोला.

अर्जदार : सौ. राजमती पूनमचंद बिलाला, बी.एस्सी., वय २४, राहणार शिरपूर (जैन), ता. वाशीम.

विषय : शिरपूर येथे सवलतीत विकलेल्या विनारेषेच्या चष्म्याचे माप तपासणे, व त्याच्या बदल्यात दुकानदाराने नेलेला जुना चष्मा मिळवून देणे.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ४ डिसेंबर १९७८.
२) आपले उत्तर, दि. ८ डिसेंबर : "चष्मा हे वजन अथवा माप नसल्याने अर्ज दप्तरी दाखल."

महोदय,

१. चार दिवसांत उत्तर देणारे कार्यालय मी प्रथमच पाहिले, म्हणून दुसऱ्यांदाही आपल्याच दारी येत आहे. आपले उत्तर मी तीनदा वाचले. ते मला पटलेले नाही. का पटले नाही ते खाली लिहिते. लांबले तर क्षमा असावी, पण शेवटपर्यंत वाचावे.

२. माझ्या सासूबाई श्रीमती पानाबाई, वय ६७, यांनी गेल्या चातुर्मासात महाराजांसमोर नियम घेतला आहे, की स्वतःच्या डोळ्यांनी निवडलेल्या धान्याचेच अन्न घ्यायचे, तेही सूर्यास्तापूर्वी. दि. १ डिसेंबरपासून त्यांनी धान्य सोडले आहे. गाळलेले पाणी आणि दूध, एवढेच पोटात जाते. माझी मुलगी चंदन चौदा महिन्यांची आहे. ती आजीच्या ताटातूनच जेवते. आजीने आधी घास घ्यायचा, मग हिने तोंड उघडायचे, अशी सवय आम्हीच कौतुकाने लावली. आता आजी जेवत नाही म्हणून ही ओठ घट्ट मिटते. माझ्या दुधावर चौदा महिन्यांचे मूल किती दिवस राहणार?

३. हे आईच्या काळजीने लिहिते असे कोणी म्हणू नये, म्हणून मी तिला आमच्या किराणा दुकानाच्या काट्यावर तोलले. दि. १ रोजी ८ किलो २०० ग्रॅम. काल, दि. ११ रोजी, ७ किलो ७५० ग्रॅम. दोन्ही वेळा आपण छाप मारलेलीच वजने वापरली आहेत. त्यामुळे निदान हा आकडा आपल्या कार्यालयाचा विषय आहे, असे मी नम्रपणे समजते.

४. आता चष्म्याविषयी. कार्तिक महिन्यात यात्रेकरूंच्या गर्दीत अकोल्याच्या एका दुकानाने येथील धर्मशाळेत सवलतीचा मेळा लावला होता. त्यांच्या स्वतःच्या छापाची काच, नाव "त्रिदृष्टी". वरून दूरचे, मधून हातभर अंतरावरचे, खालून जवळचे, आणि काचेवर रेघ म्हणून नाही. जुना चष्मा द्या, निम्म्या दरात नवा न्या. सासूबाईंचा लाईनीचा चष्मा नऊ वर्षांचा होता. त्या नको म्हणत होत्या. "याच्यात मले दिसते ना वं, मंग कायले?" मी म्हणाले, "आई, ही नवी विद्या आहे, मी कॉलेजात शिकले आहे." जुना चष्मा त्यांच्या नाकावरून मीच काढून दुकानदाराच्या हातात दिला. डॉक्टरच्या नंबराची चिठ्ठीही त्याच डबीत होती, ती डबीसकट गेली.

५. दि. १ रोजी भातात शिजलेला सोंडा, तांदळातला काळा किडा, निघाला. तांदूळ सासूबाईंनीच निवडले होते. त्यांनी बोटावर घेऊन विचारले, "हे काय होय?" मी म्हणाले, जिरे आहे. आमच्या भातात जिरे घालत नाहीत. त्या उठून दारात उजेडात गेल्या, चष्मा काढून हात लांब करून बराच वेळ पाहत राहिल्या, आणि ताट बाजूला सारले. मला रागावल्या असत्या तर बरे झाले असते. तांदूळ मी निवडते, तुम्ही जेवा, असे मी रोज विनवते. "तुहे डोये तुह्यापाशी. नियम माह्या डोयाचा हाय." एवढे एकच उत्तर येते. आणि चंदनकडे पाहून म्हणतात, "पोरीनं बी माह्यासंगं उपास धरला. लय मोठी तपस्वी झाली!" त्या हसतात. मला हसू येत नाही.

६. आपण म्हणाल, चष्मेवाल्याकडे जा. गेले. दि. ५ रोजी सासूबाईंना व मुलीला घेऊन वाशीमला श्री. सेवादास यांच्या दुकानात गेले. काचा घासून घेण्यासाठी शेलूबाजारच्या बाजारात चष्मे विकणारे श्री. दौलतसिंग तेथे बसले होते. दोघांनी चष्मा उजेडात धरून बरीच चर्चा केली. ती जशी ऐकली तशी देते.
दौलतसिंग म्हणाले, "काच झूट नाही. मधात पाहा, नंबर बरोब्बर हाय."
सेवादास म्हणाले, "मधात अन् बाजूले? बाजूले तं पानीच पानी हाय. म्हातारीनं काय एक एक दाना नाकाच्या शेंड्यासमोर धरून निसाव?"
"अस्सल काच असते तिले बी बाजूले असंच होते. पन ती बसवाले एकेका बुबुळाचं माप घ्या लागते. मेळ्यात कोनं घेतलं? साऱ्याइले एकच चौकट."
"तू कोन्ते माप घेतं रे? टोपल्यात इकतं ना तू!"
"इकतो, पन लाईनीचे इकतो. लाईन दिसते, मानूस जपते. मी काही लपवत नाही."
यावर सासूबाई म्हणाल्या, "तुमी दोघं भांडून राह्यले बाप्पा, माहे तांदूय कोन निसन?" श्री. सेवादास यांनी लाईनीच्या काचा मागवल्या आहेत. एका डोळ्यात मोतीबिंदू असल्याने व चिठ्ठी हरवल्याने डॉक्टरला पुन्हा दाखवावे लागेल. सगळे मिळून तीन आठवडे. तीन आठवड्यांनी मुलीचा काटा काय दाखवील, हा हिशेब करायला मला भीती वाटते.

७. महोदय, गेल्या एप्रिलमध्ये आपण आमच्या दुकानातील अर्ध्या किलोचे वजन तीन ग्रॅमने कमी भरले म्हणून जप्त केले. घरात सगळे आपल्यावर रागावले. मी रागावले नाही. घासलेले वजन वापरणाऱ्याला ते घासले आहे हे कळत नाही, म्हणून तर आपले खाते आहे. मग ज्या काचेचा नंबर मधोमध एक आणि बोटभर सरकले की दुसरा, ती काच एका टोकाला लांब व दुसऱ्या टोकाला आखूड सेंटिमीटर असलेल्या मीटरपट्टीपेक्षा वेगळी कशी? तिने कापड मोजले असते तर आपण धावत आला असता. हिने आमच्या घरात जीव मोजले जातात.

८. तरीही काच तपासण्याचा आग्रह मी बाजूला ठेवते. दुकानदाराला दंड नको. माझे पती श्री. पूनमचंद शनिवारी अकोल्याला जाऊन आले. बदल्यात घेतलेले सर्व चष्मे दुकानामागे एका गोणीत तोंड शिवून ठेवले आहेत. मालक नागपूरला. नोकर म्हणाला, "एक चष्मा काढला तर उद्या शंभर जण येतील. बोरा सरकारी मानसापुढंच उघडीन. कागद आना." ती गोणी येत्या शनिवारी, दि. १६ रोजी, नागपूरला रवाना होणार आहे. विक्री शिरपूरला झाली, म्हणून तो सरकारी माणूस आपणच आहात.

९. जुन्या चष्म्याची ओळख : काळी जाड चौकट, उजवी दांडी तांब्याच्या तारेने बांधून वर पांढरा दोरा गुंडाळलेला, डाव्या काचेचा खालचा कोपरा बाजरीच्या दाण्याएवढा उडालेला, दोन्ही काचांवर आडवी रेघ, लांबूनही दिसणारी.

१०. आपण आजवर खोटी मापे जप्त केली आहेत. हे एक खरे माप जप्त करून द्यावे, एवढीच मागणी आहे. स्वतः येणे शक्य नसेल तर दोन ओळींची चिठ्ठी, खाली आपला गोल शिक्का. शिक्का ठळक असावा, नोकराला वाचता फारसे येत नाही. कृपया उत्तर टपालाने धाडू नये. हा अर्ज घेऊन माझे पती आपल्यासमोर उभे आहेत. चिठ्ठी हातात पडली तर ते दुपारच्या गाडीने अकोल्याला जातील आणि उद्या तीनपर्यंत घरी पोचतील. सूर्य पावणेसहाला मावळतो. वाटीभर तांदूळ निवडायला सासूबाईंना जुन्या चष्म्याने वीस मिनिटे लागत, शिजायला अर्धा तास. मी चूल तयार ठेवते.

आपल्या शिक्क्याची वाट पाहणारी,
आपली नम्र,
सौ. राजमती पूनमचंद बिलाला
शिरपूर (जैन), दि. १२ डिसेंबर १९७८

सोबत :
१) "त्रिदृष्टी"चे छापील पत्रक.
२) आपल्या दि. ८ च्या उत्तराची नक्कल.
३) तांदळाची पुडी एक. सासूबाईंनी नव्या चष्म्याने निवडलेले तांदूळ, जसेच्या तसे. आत दोन सोंडे आहेत, आज सकाळपर्यंत जिवंत. पुडीला टाचणीने छिद्रे पाडली आहेत. ही पुडी पाठवल्याचे सासूबाईंना ठाऊक नाही. पाहून झाल्यावर मूठभर धान्यासह सावलीच्या जागी सोडावेत. पुडीवर कृपया शिक्का मारू नये.